पाच एचपी म्हणजे ३.७३ किलोवॉट, ३.७ की ३.६८?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विहिरीवरच्या मोटरीच्या पाटीवर ‘५ एचपी / ३.७ किलोवॉट’ असे लिहिलेले आहे, पाचला ०.७४६ ने गुणले तर ३.७३ येतात; मोबाईलवरच्या एका गणकाने उत्तर ३.६८ दिले, आणि वायरमनने टाँग टेस्टर (तारेभोवती लावून करंट मोजायचे यंत्र) लावून हिशेब केला तेव्हा मोटर जवळजवळ ४.४ किलोवॉट घेत असल्याचे दिसले. मोटर एक आणि आकडे चार, तेव्हा यांतला खरा कोणता, आणि अश्वशक्तीचे किलोवॉटमध्ये रूपांतर करताना नेमका कोणता गुणक धरायचा, असे विचारले आहे.

पंप निवडण्याच्या आणि मोटरी तपासण्याच्या कामात हा प्रश्न या ना त्या रूपात नेहमी समोर येतो. चारही आकडे बरोबर आहेत. फक्त ते चार निरनिराळ्या गोष्टींचे आकडे आहेत. ३.७३ आणि ३.६८ यांतला फरक अश्वशक्तीच्या दोन व्याख्यांमुळे पडला आहे, ३.७ हे मोटर बनवणाऱ्यांनी मान्य केलेले प्रमाण माप आहे, आणि ४.४ ही मोटरीच्या दांड्यावर (फिरणाऱ्या शाफ्टवर) मिळणारी शक्ती नसून तारेतून मोटरीत शिरणारी शक्ती आहे. गुणक शोधायला अर्धा मिनिटही लागत नाही. घोळ होतो तो समोरचा आकडा कोणत्या अश्वशक्तीत आहे आणि यंत्राच्या कोणत्या टोकाशी मोजलेला आहे हे न पाहताच गुणाकार केल्यामुळे.

आधी व्याख्या पाहू. ब्रिटिश अश्वशक्ती जेम्स वॅटच्या नावाशी जोडलेली आहे. खाणीतले पाणी उपसणाऱ्या आणि गिरण्या फिरवणाऱ्या घोड्यांच्या जागी त्याला वाफेची इंजिने विकायची होती, आणि इंजिन किती घोड्यांचे काम करील हे गिऱ्हाइकाला सांगता आले पाहिजे होते. बारा फूट त्रिज्येच्या वर्तुळात फिरणारा गिरणीचा घोडा तासाला १४४ फेरे घेतो आणि १८० पौंडांच्या जोराने ओढतो असे धरून हिशेब केला, तर मिनिटाला सुमारे ३२,५७२ फूट-पौंड इतके काम होते. ते पूर्णांकात ३३,००० धरले गेले आणि तीच अश्वशक्ती ठरली, म्हणजे सेकंदाला ५५० फूट-पौंड. दिवसभर राबणारा खरा घोडा इतके काम सातत्याने करू शकत नाही असे अनेकांचे मत आहे. पण गिऱ्हाइकाच्या पदरात कमी पडू नये म्हणून आकडा सढळ धरला असेल, तर तो व्यापारी शहाणपणाच म्हणायला हवा.

आता हे मेट्रिकमध्ये आणू. १९५९ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार एक फूट म्हणजे नेमका ०.३०४८ मीटर आणि एक पौंड म्हणजे नेमका ०.४५३५९२३७ किलोग्रॅम. गुरुत्वत्वरणाचे प्रमाण मूल्य ९.८०६६५ धरले की एक फूट-पौंड म्हणजे १.३५५८२ ज्यूल होतो. त्याला ५५० ने गुणले की ७४५.७० वॉट मिळतात. हीच ब्रिटिश, म्हणजे यांत्रिक अश्वशक्ती. विद्युत अभियंत्यांनी मोटरींसाठी हाच आकडा किंचित वर ओढून बरोबर ७४६ वॉट केला. दोहोंतला फरक दहा हजारात चार इतका आहे, आणि शेतीपंप सोडाच, साखर कारखान्याच्या मोठ्या मोटरीच्या हिशेबातही तो कोणाला जाणवणार नाही. भारतातील मोटरींच्या आणि वीजजोडणीच्या व्यवहारात ०.७४६ धरण्याची रीत आहे, आणि ती योग्यच आहे.

तिसरी अश्वशक्ती मात्र वेगळी आहे. जर्मनी, फ्रान्स आणि युरोपातील इतर मेट्रिक देशांनी फूट आणि पौंड टाकून दिले. वॅटची अश्वशक्ती त्यांच्या मापांत ७६.०४ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद इतकी अडचणीची येत होती, म्हणून तिथे सरळ ७५ धरले गेले. ७५ ला ९.८०६६५ ने गुणले की ७३५.५ वॉट येतात. हीच मेट्रिक अश्वशक्ती, जी गाड्यांच्या पत्रकांत ‘पीएस’ म्हणून दिसते. ती ब्रिटिश अश्वशक्तीपेक्षा सुमारे १.४ टक्क्यांनी लहान आहे. त्या मोबाईल गणकात ‘मेट्रिक हॉर्सपॉवर’ हा पर्याय निवडला गेला असावा, कारण पाचला ०.७३५५ ने गुणले की ३.६७७५, म्हणजे ३.६८ येतात. गणक चुकलेला नाही. त्याला प्रश्न दुसरा विचारला गेला. ‘मेट्रिक’ हा शब्द पाहून पुष्कळ जण तो पर्याय निवडतात, कारण आपल्याला किलोवॉट हवे आहेत आणि किलोवॉट मेट्रिक आहे. प्रत्यक्षात त्या पर्यायाचा संबंध तुम्ही कशातून निघालात याच्याशी आहे, कुठे पोहोचायचे आहे याच्याशी नाही.

व्यवहारात हा दीड टक्का कधी मोजायचा? पाच एचपीच्या पंपाच्या बाबतीत फरक पन्नास वॉटच्या आसपास आहे. विजेचा दाब दिवसभरात याहून कितीतरी जास्त खालीवर होतो, पंपाच्या पंख्याची झीज याहून जास्त शक्ती खाते, आणि पाण्याची पातळी एका मीटरने खाली गेली तरी हिशेब याहून जास्त हलतो. तेव्हा पंपासाठी तो सोडून द्यावा. जिथे रकमेचा, हमीचा किंवा कायद्याच्या मर्यादेचा प्रश्न आहे तिथे तो सोडता येत नाही. त्याची दोन उदाहरणे पुढे येतील.

आता पाटीवरचे ३.७. आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार मोटरी किलोवॉटमध्ये ठरावीक पायऱ्यांनी बनतात: ०.७५, १.५, २.२, ३.७, ५.५, ७.५, ११, १५, १८.५, २२, ३७, ७५ अशी ती माळ आहे. त्यांच्यासमोर १, २, ३, ५, ७.५, १०, १५, २०, २५, ३०, ५० आणि १०० एचपी या जुन्या ओळखीच्या पायऱ्या लिहिल्या जातात. ही जोडी गुणाकाराने बनलेली नाही. शेजारी शेजारी ठेवता येतील अशा दोन मापांची ती जोडी आहे. ७.५ एचपीचे काटेकोर रूपांतर ५.५९५ किलोवॉट आहे, पण पाटीवर ५.५ असते. १० एचपीचे ७.४६ येतात, पाटीवर ७.५ असतात. १५ चे ११.१९ येतात, पाटीवर ११ असतात. कधी दोन टक्के खाली, कधी अर्धा टक्का वर. म्हणून पाटीवर किलोवॉट लिहिलेले असतील तर हिशेब तिथूनच सुरू करावा. आधी एचपी वाचून त्याचे पुन्हा किलोवॉट करण्याचा उद्योग करू नये, कारण त्या फेऱ्यात पाटीवरची गोलाई आणि तुमची गोलाई एकमेकांवर चढते.

इथे एक शंका नेहमी येते. राज्य सरकारच्या मोफत विजेच्या योजनेत ७.५ एचपीपर्यंतचे शेतीपंप बसतात, मग ५.५ किलोवॉटची मोटर ७.३७ एचपीची झाली आणि ५.६ किलोवॉटची ७.५१ ची झाली, तर ती योजनेबाहेर जाते का? असा दशांशाचा वाद घालण्यात अर्थ नाही. मोटर ७.५ एचपी या प्रमाण मापाची म्हणून विकली जाते आणि जोडणीही त्याच मापाने मंजूर होते. किलोवॉटचा आकडा त्याच मापाचे दुसरे नाव आहे.

चौथ्या आकड्याकडे, म्हणजे ४.४ कडे, वळताना जरा थांबायला हवे, कारण बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. मोटरीच्या पाटीवर जी शक्ती लिहिलेली असते ती मोटरीने पंपाच्या दांड्याला द्यायची शक्ती असते. तारेतून येणारी सगळी शक्ती दांड्यापर्यंत पोहोचत नाही. काही वेटोळ्यांत उष्णता होऊन जाते, काही लोखंडात, काही बेअरिंग आणि पंख्यात. मोटरीची कार्यक्षमता ८५ टक्के धरली, तर दांड्यावर ३.७३ किलोवॉट मिळण्यासाठी तारेतून ३.७३ भागिले ०.८५, म्हणजे ४.३९ किलोवॉट यावे लागतात. वायरमनला जे ४.४ दिसले ते हेच. मीटरही हेच मोजतो आणि बिलही याचेच येते. बोअरमधली सबमर्सिबल मोटर अरुंद नळीत बसवण्यासाठी सडपातळ केलेली असते आणि पाण्यात फिरते, त्यामुळे तिची कार्यक्षमता जमिनीवरच्या मोटरीपेक्षा सहसा कमी असते; तिथे हाच आकडा ४.७ किंवा त्याहून जास्त निघू शकतो. म्हणून ‘पाच एचपीची मोटर तासाला पावणेचार युनिट घेते’ हे गावोगाव ऐकू येणारे वाक्य चुकीचे आहे. पूर्ण भारावर ती चार युनिटांपेक्षा जास्तच घेते. किलोवॉट ही शक्ती आहे आणि युनिट म्हणजे किलोवॉट-तास ही ऊर्जा आहे, हे इथे गृहीत धरतो.

आणखी एक पायरी पुढे गेले की केव्हीए, म्हणजे दाब आणि करंट यांच्या गुणाकारावरून निघणारी शक्ती, येते, आणि ती डीपीसाठी, म्हणजे शेतातल्या ट्रान्सफॉर्मरसाठी, लागते. वरच्या मोटरीचा पॉवर फॅक्टर (किलोवॉट भागिले केव्हीए) ०.८५ धरला तर ४.३९ भागिले ०.८५ म्हणजे ५.१६ केव्हीए. गंमत अशी की कार्यक्षमता आणि पॉवर फॅक्टर या दोन भागाकारांनी मिळून ०.७४६ चा गुणाकार जवळजवळ पुसून टाकला, आणि साधारण मोटरीसाठी एक एचपी म्हणजे एक केव्हीए हा जुन्या वायरमनचा ठोकताळा खरा ठरला. ६३ केव्हीएच्या डीपीवर पाच एचपीचे बारा पंप एका वेळी चालू शकतात; तेराव्या-चौदाव्या पंपापासून तिच्यावर ताण येऊ लागतो. पंपांना योग्य कपॅसिटर बसवून पॉवर फॅक्टर ०.९५ पर्यंत नेला तर तीच मोटर ४.६२ केव्हीए मागते आणि तेरा पंप बसतात. मात्र हा ठोकताळा कोणी एचपीचे किलोवॉट करण्यासाठी वापरू नये. एक एचपी म्हणजे एक किलोवॉट धरून सौर पंपाचा हिशेब मांडलेला कागद मी पाहिला आहे.

सौर पंपाचा विषय निघालाच आहे तर तोही पुरा करू. केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या निकषांत ३ एचपीच्या पंपासाठी ३,००० वॉट, ५ एचपीसाठी ४,८०० वॉट आणि ७.५ एचपीसाठी ६,७५० वॉट क्षमतेचे पॅनेल सांगितले आहे. ५ एचपी म्हणजे ३,७३० वॉट असताना पॅनेल ४,८०० चे कशाला, हा प्रश्न शेतकरी विचारतात, आणि कंपनीचा माणूस ‘जास्त दिलेय, चांगलंच आहे’ एवढेच सांगून मोकळा होतो. पॅनेलवरचा आकडा प्रयोगशाळेतल्या परिस्थितीचा असतो, म्हणजे चौरस मीटरला १,००० वॉट ऊन आणि पॅनेलचे तापमान २५ अंश. एप्रिलमध्ये विदर्भात पॅनेल साठ अंशांच्या पुढे तापलेले असते, आणि तापलेले पॅनेल कमी शक्ती देते. सकाळी अकराच्या आधी आणि दुपारी तीननंतर ऊनच तेवढे नसते. ड्राइव्हमध्ये (पॅनेलची वीज मोटरीला जुळवून देणाऱ्या यंत्रात) थोडी शक्ती जाते आणि मोटरीत आणखी जाते. तेव्हा ४,८०० आणि ३,७३० या दोन आकड्यांतले नाते रूपांतराचे नाही. एक छपरावरचा आकडा आहे आणि दुसरा दांड्यावरचा.

आता पाणी. पंप किती एचपीचा हवा हे ठरवताना पाण्याची शक्ती काढावी लागते, आणि जुन्या-नव्या पुस्तकांत यासाठी निरनिराळे भाजक दिसतात: ७५, ७६, १०२, ३,३०० आणि ३,९६०. विद्यार्थी आणि तरुण अभियंते यांत हमखास अडखळतात. यांतला प्रत्येक भाजक एककांतूनच जन्मलेला आहे. सेकंदाला एक लिटर पाणी एक मीटर वर उचलायला ९.८०६६५ वॉट लागतात. म्हणून लिटर प्रति सेकंद गुणिले मीटर याला १०२ ने भागले की किलोवॉट मिळतात, ७५ ने भागले की मेट्रिक अश्वशक्ती आणि ७६ ने भागले की ब्रिटिश अश्वशक्ती. पुस्तकात ७५ ने भागून पुढे ०.७४६ ने गुणलेले असेल तर लेखकाने मेट्रिक घोडा आत घेतला आणि ब्रिटिश घोडा बाहेर काढला. उत्तर दीड टक्का फुगते. अशी उदाहरणे विरळ नाहीत.

३,३०० आणि ३,९६० यांची गोष्ट अधिक धोक्याची आहे. ब्रिटिश गॅलनभर पाण्याचे वजन दहा पौंड धरलेले आहे, म्हणून मिनिटाला गॅलन गुणिले फूट याला दहाने गुणून ३३,००० ने भागायचे, म्हणजेच ३,३०० ने भागायचे. अमेरिकी गॅलन लहान, त्यातले पाणी ८.३४ पौंडांच्या आसपास, म्हणून तिकडचा भाजक ३,९६० आहे. भारतात मेट्रिक मापे येण्याआधीच्या, म्हणजे १९५८ पूर्वीच्या पंपांच्या पाट्यांवर आणि त्या काळच्या पाणीपुरवठा योजनांच्या कागदांत जे गॅलन आहेत ते ब्रिटिश आहेत. आज मात्र जालावरचे सूत्र उचलले तर ते बहुधा अमेरिकी असते. समजा जुन्या पाटीवर तासाला ६,००० गॅलन आणि १०० फूट उचल लिहिली आहे. मिनिटाला १०० गॅलन झाले. १०० गुणिले १०० भागिले ३,३०० म्हणजे ३.०३ एचपी. अमेरिकी सूत्राने २.५३ येतात. फरक वीस टक्क्यांच्या घरातला, आणि तो एका भाजकामुळे. ताळा मेट्रिकने घ्यावा: ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा, म्हणून सेकंदाला ७.५८ लिटर, १०० फूट म्हणजे ३०.४८ मीटर, गुणाकार २३१, भागिले १०२, म्हणजे २.२६ किलोवॉट, त्याला ०.७४६ ने भागले की पुन्हा ३.०३. जुना कागद हाती आला की आधी सगळे मूळ आकडे लिटर, मीटर आणि किलोवॉटमध्ये आणावेत आणि एचपी काढायचेच असतील तर अगदी शेवटी एकदाच काढावेत, ही माझी पद्धत आहे. मधल्या टप्प्यावर एचपी आणले की कोणत्या घोड्याचा हिशेब चालला आहे हे पुढच्या माणसाला कळत नाही.

एक पूर्ण उदाहरण मांडतो. सेकंदाला ६ लिटर पाणी हवे आहे, आणि पाण्याच्या पातळीपासून टाकीपर्यंतची उचल, पाइपातले घर्षण धरून, ३० मीटर आहे. ६ गुणिले ३० म्हणजे १८०, भागिले १०२, म्हणजे १.७६ किलोवॉट ही पाण्याला मिळालेली शक्ती. पंपाची कार्यक्षमता ६० टक्के धरली तर दांड्यावर २.९४ किलोवॉट लागतात, म्हणजे ३.९४ एचपी. चार एचपीचे माप बाजारात सहज मिळत नाही, आणि मिळाले तरी मोटर काठोकाठ भरून चालवणे बरे नाही, म्हणून ५ एचपी, ३.७ किलोवॉट. आता मोटरीत शिरणारी शक्ती पाटीवरून काढायची नाही. दांड्यावर प्रत्यक्ष लागणाऱ्या २.९४ ला ०.८५ ने भागायचे, म्हणजे ३.४६ किलोवॉट. आठ तास चालली तर २७.७ युनिट. मोटर पाच एचपीची आहे म्हणून ती पाच एचपी घेतेच असे नाही. पंप जेवढे मागेल तेवढेच ती देते आणि त्या मानाने तारेतून घेते. पाटी ही तिची मर्यादा आहे, तिचा रोजचा खर्च नव्हे.

जिथे दीड टक्क्याने फरक पडतो असे मी वर म्हटले त्याचे पहिले उदाहरण यंत्रमागाचे आहे. महावितरणच्या लघुदाब औद्योगिक दरात २० किलोवॉटला एक रेघ आहे. दुसरीकडे इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीच्या यंत्रमागधारकांना मिळणाऱ्या वीजदर सवलतीच्या चर्चेत नेहमी २७ अश्वशक्तीची रेघ येते. दोन्ही रेघा एकच आहेत असे समजून लोक बोलतात. ०.७४६ ने गुणले तर २७ एचपी म्हणजे २०.१४ किलोवॉट, म्हणजे विसाच्या किंचित वर. मेट्रिक घोड्याने गुणले तर १९.८६, म्हणजे विसाच्या खाली. उलट दिशेने २० किलोवॉट म्हणजे २६.८ एचपी. ज्याचा जोडलेला भार अगदी या रेघेवर आहे त्याने स्वतः गुणाकार करून आपण अलीकडे आहोत की पलीकडे हे ठरवू नये. मंजुरीच्या कागदावर भार ज्या एककात लिहिला आहे तोच आकडा धरावा, आणि तो कोणत्या गुणकाने काढला हे लेखी विचारून घ्यावे.

दुसरे उदाहरण ट्रॅक्टरचे. प्रदूषणाचे ‘ट्रेम ४’ निकष १ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरांना लागू झाले, आणि या निकषांत मूळ मर्यादा ३७ किलोवॉटची आहे. ३७ किलोवॉट म्हणजे ब्रिटिश मापात ४९.६ एचपी आणि मेट्रिक मापात ५०.३ पीएस. पन्नासच्या आसपासचा ट्रॅक्टर घेणाऱ्याने पत्रकातला एचपी बाजूला ठेवून किलोवॉटचा आकडा पाहावा, कारण निकष त्यावरच ठरतो आणि नव्या निकषाचे इंजिन महागही असते. ट्रॅक्टरमध्ये मोजण्याच्या जागेचा प्रश्नही आहेच. पत्रकावरचा मोठा आकडा इंजिनाचा असतो. रोटाव्हेटर किंवा थ्रेशर चालवायला मिळते ती पीटीओची, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे अवजार जोडायच्या फिरत्या दांड्याची शक्ती, आणि ती इंजिनापेक्षा साधारण दहा-पंधरा टक्के कमी असते. अनुदानाच्या याद्यांत ‘पीटीओ एचपी’ असे स्पष्ट लिहिलेले असते. मध्य प्रदेशातील बुदनीच्या चाचणी संस्थेचा अहवाल मिळाला तर तो वाचावा. त्यात पीटीओवर प्रत्यक्ष मोजलेली शक्ती दिलेली असते.

मोटारगाड्यांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. एकाच गाडीसाठी एक पत्रक ‘बीएचपी’ (ब्रिटिश अश्वशक्ती) लिहिते आणि दुसरे ‘पीएस’. १०० किलोवॉटचे इंजिन पहिल्यात १३४ आणि दुसऱ्यात १३६ दिसते, एवढाच तो फरक. जुन्या अमेरिकी गाड्यांचे १९७२ पूर्वीचे आकडे मात्र अल्टरनेटर, पंखा, सायलेन्सर असे काहीही न जोडता नुसत्या इंजिनावर मोजलेले असत, म्हणून त्यांची तुलना आजच्या आकड्यांशी करता येत नाही, गुणक कितीही अचूक धरला तरी.

चाचणी केंद्रात फिरणाऱ्या दांड्याची शक्ती पीळ (टॉर्क) आणि फेऱ्यांवरून काढतात. तिथेही भाजक एककाप्रमाणे बदलतो. न्यूटन-मीटर गुणिले मिनिटाचे फेरे भागिले ९,५४९ म्हणजे किलोवॉट. पौंड-फूट असतील तर भागिले ५,२५२ म्हणजे ब्रिटिश एचपी. किलोग्रॅम-मीटर असतील तर भागिले ७१६ म्हणजे मेट्रिक एचपी. आपली ३.७३ किलोवॉटची मोटर १,४४० फेऱ्यांवर चालताना २४.७ न्यूटन-मीटर पीळ देते. यापेक्षा फार वेगळा आकडा आला तर आधी भाजक तपासावा, मग यंत्राला दोष द्यावा.

उष्णतेच्या शक्तीची ब्रिटिश एककेही अजून आपल्या घरात आहेत. एसीचा ‘टन’ म्हणजे २,००० पौंड बर्फ चोवीस तासांत वितळवायला लागणारी उष्णता. तासाला १२,००० बीटीयू (उष्णतेचे ब्रिटिश एकक), म्हणजे ३.५१७ किलोवॉट. दीड टनाचा एसी खोलीतून ५.२८ किलोवॉट उष्णता बाहेर टाकतो, पण त्यासाठी वीज साधारण दीड किलोवॉटच्या आसपास घेतो. ५.२८ पाहून इन्व्हर्टरचा किंवा वायरिंगचा हिशेब करू नये. जुन्या बाष्पकांच्या कागदांत ‘बॉयलर हॉर्सपॉवर’ दिसला तर तो ९.८१ किलोवॉटचा असतो, म्हणजे साध्या अश्वशक्तीच्या तेरापट, तिथे ०.७४६ लावला तर सगळा हिशेबच कोसळतो.

तोंडी हिशेबासाठी एचपीला पाऊणपट करावे. उत्तर अर्ध्या टक्क्याने जास्त येते आणि बहुतेक कामाला चालते. उलट दिशेने किलोवॉटमध्ये त्याचा तिसरा हिस्सा मिळवावा. कागदावर मात्र ब्रिटिश एचपीसाठी ०.७४५७ किंवा ०.७४६ आणि पीएससाठी ०.७३५५ हेच लिहावे, आणि उत्तराचे दशांश मूळ आकड्याच्या अचूकतेइतकेच ठेवावेत. ‘५ एचपी’ या ढोबळ आकड्याचे ३.७२८५ किलोवॉट करून लिहिणाऱ्याकडे मी जरा संशयानेच पाहतो.

राहिला एक प्रसंग, जिथे पाटी आणि प्रत्यक्ष यांचा मेळ बसत नाही: रिवाइंडिंग केलेली मोटर. कारागिराने तार जाड घेतली, वेटोळी कमी केली किंवा पंपाचा पंखा मोठा बसवला की पाटीवर ५ एचपी राहतात पण मोटर जास्त घेऊ लागते. ते तपासायचे असेल तर पंप पाण्यावर चालू असताना तिन्ही फेजचा करंट आणि दोन फेजमधला दाब एकाच वेळी मोजावा. समजा दाब ४०० व्होल्ट आणि सरासरी करंट ९.२ अँपिअर आला. १.७३२ गुणिले ४०० गुणिले ९.२ गुणिले ०.८५ म्हणजे ५,४१८ वॉट आत जात आहेत. जुन्या, पुन्हा बांधलेल्या मोटरीची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर दांड्यावर ४,३३४ वॉट, भागिले ७४६, म्हणजे ५.८ एचपी. पॉवर फॅक्टर आणि कार्यक्षमता इथे अंदाजाने धरली आहे, त्यामुळे दशांशावर फार भर देऊ नये. पण पाच एचपीच्या चांगल्या मोटरीचा पूर्ण भारावरचा करंट ४१५ व्होल्टला सात-साडेसात अँपिअर असतो, आणि त्याच्या जागी नऊच्या वर दिसत असेल तर स्टार्टरमधला, करंट वाढला की मोटर बंद करणारा रिले कोणत्या आकड्यावर लावला आहे ते आधी पाहावे, कारण कारागीर तो रिलेही बऱ्याचदा वर सरकवून ठेवतात. दाब जर ३५० च्या खाली असेल तर ही मोजणी त्या दिवशी करू नये. कमी दाबाला करंट तसाही वाढतो, आणि त्यावरून काढलेले एचपी काही सांगत नाहीत.